उपासाला चालणारा फोटो

“अहो, जानवं उजव्या खांद्यावर! घरात कुणाचं श्राद्ध चाललंय?” काकूंनी फोटोचा पत्रा माझ्या हातात परत दिला.

कल्याणला एका वकिलांच्या ओटीवर ही गोष्ट घडली. या वकिलांना, भाऊसाहेबांना, फोटो जमवायचा नाद. त्यांचे काका, शास्त्रीबुवा, काशीला निघाले होते. काकूंचे गुडघे धरलेले, त्या मागे राहणार. काशीला गेलेला म्हातारा माणूस परत येईलच असं नाही. म्हणून काकूंसाठी शास्त्रीबुवांचा फोटो हवा होता, आणि मी ठाण्याहून कॅमेरा घेऊन गेलेलो.

पत्र्यावरचा फोटो लगेच हातात पडतो, पण आरशासारखा उलटा येतो. कोट घातलेल्या साहेबाला त्याचा पत्ताही लागत नाही. शास्त्रीबुवा मात्र उघड्या अंगाने बसलेले. डाव्या खांद्यावरचं जानवं फोटोत उजवीकडे गेलं. तसं ते फक्त पितरांच्या कार्याला घेतात.

“काका, क्षणभर उजवीकडे घ्या ना,” भाऊसाहेब म्हणाले. “फोटोत सरळ येईल.”

“आणि पितर आले, म्हणाले कशाला बोलावलंस, तर काय सांगू? फोटोसाठी?”

मी म्हटलं, काचेवर निगेटिव्ह घेऊ. ती कागदावर छापली की डावं डावीकडे येतं. नमुन्याचा एक फोटो दाखवला. शास्त्रीबुवा खूश.

“कागदाला ही चकाकी कसली हो?”

खोटं बोलायचं जिवावर आलं. “अंड्यातल्या पांढऱ्याची.”

काकूंनी पुढे केलेला हात मागे घेतला. इकडे आड तिकडे विहीर! खरं सांगतो, मला त्या घराचा राग आला. पण त्याहून जास्त, काही तोड काढून दाखवायची खाज सुटली. अंड्याच्या आधी लोक कागद मिठाच्या पाण्यात बुडवत, एवढं मी ऐकून होतो. कधी केलं नव्हतं.

“मीठ आमच्या खाडीवरच्या मिठागरातलं,” मी म्हटलं, “आणि कागदाला खळ तवकिलीची.”

“खिरीची तवकील?” काकूंनी विचारलं.

“तीच. वरून चांदीचं पाणी.”

“मीठ, तवकील, चांदी,” शास्त्रीबुवा म्हणाले. “हा तर उपासालाही चालेल. करा!”

निगेटिव्ह घेऊन मी ठाण्याला परतलो. पहिल्या कागदावर शास्त्रीबुवांना देवी आल्यासारखे डाग पडले. मिठात चिखल होता. मग ते विरघळवून फडक्यातून पुन्हा पुन्हा गाळलं. शेवटी एक फोटो उतरला. तांबूस, मऊ, चकाकीचं नाव नाही. भाऊसाहेबांच्या भिंतीवर सगळा झगमगाट, त्यात हा मळकट दिसेल या धास्तीनेच मी कल्याणला गेलो.

“अहो, माझ्याकडे असला एकही नाही!” भाऊसाहेब नाचायचेच बाकी होते.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. “हे खरे हे. संध्या आटपून अस्सेच बसतात.” त्यांनी डोळे पुसले.

शास्त्रीबुवा घसा खाकरून म्हणाले, “आता हिचाही काढा. मला बरोबर न्यायचाय.”

प्रवासात, गंगेच्या काठी, कागद कुठला टिकायला? पत्राच हवा. “पण काकू, नथ उजव्या नाकपुडीत जाईल बरं का,” मी आधीच बजावलं.

“जाऊ दे. मला कुठे जानवं आहे!”

पत्रा हातात आला तशा त्या हसल्या. “आरशात मी रोज अशीच दिसते. इतकी वर्षं यांनी मला यांच्या बाजूने पाहिलं. आता काशीत बसून माझ्या बाजूने बघू देत.”

शास्त्रीबुवा काशीहून सुखरूप परत आले. पत्रा त्यांच्या पोथ्यांच्या रुमालात होता. मीठ-तवकिलीचे फोटो मी पुढे बऱ्याच घरी केले. आणि तेव्हापासून गिऱ्हाईक समोर बसलं, की फोटो कुणाचा काढायचा हे मी विचारत नाही. कुणी बघायचा, ते विचारतो.