पाय नसतानाची रेघ

आमच्या घरात अंगारा-धुपारा, देवऋषी यातलं काही नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच देव विहिरीत सोडले होते. वर मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय... पण लिहितो.

१९९६-९७ची गोष्ट. मी नगरला एम.एस्सी. करत होतो, जामखेडकडच्या आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला पहिलाच. आमचे सर न भरणाऱ्या जखमांवर प्लाझ्माचा प्रयोग करत होते — वायूतून वीज सोडली की निळसर गार झोत निघतो, तो जखमेवर धरायचा. त्यामुळे जखमेवरच्या सलाइनमध्ये पेरॉक्साइड तयार होतं. ते मोजणारा सेन्सर, म्हणजे प्लॅटिनमची बारीक तार, माझ्याकडे असायचा. त्याला जोडलेलं पेन कागदावर रेघ काढायचं. झोत लागला की रेघ चढायची, मग उतरायची. जखम घाण असेल तर जंतू पेरॉक्साइड संपवायचे, म्हणून झटकन; सुधारत असेल तर सावकाश.

माझे चुलते, नाना, यांना शुगर होती. तळपायाच्या जखमेमुळे केडगावच्या डॉक्टरांनी घोट्यापासून पाय काढायला सांगितलं होतं. सरांनी डॉक्टरांना विचारून नानांना प्रयोगात घेतलं. रोज सकाळी अकराला प्रयोगशाळेत झोत. बधिर पायाला काही कळत नव्हतं, तरी अर्ध्या मिनिटाने नाना तो हमखास झटकायचे आणि रेघेला एक खाच पडायची. "आमी शाळंत न्हाई गेलो, आमचा पाय मातर कालेजात गेला," म्हणायचे.

आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता उशीर नको. काकूने मला विचारलं. घरात शिकलेला मी एकटा, त्यामुळे माझा शब्द डॉक्टरांच्याही वर. रेघ तर रोज जास्त सावकाश उतरत होती. मी म्हणालो, अजून चार दिवस थांबू.

तिसऱ्याच दिवशी नानांना ताप भरला. पाय मांडीतून काढावा लागला.

ऑपरेशननंतर दोन दिवसांनी मी प्रयोगशाळेत सेन्सर तपासत होतो. तार नुसत्या सलाइनमध्ये. प्लाझ्माच्या यंत्राचा प्लग काढलेला. अकरा वाजता पेन चढलं. अर्ध्या मिनिटाने खाच. मग रेघ इतकी सावकाश उतरली, की तशी आधी कधीच उतरली नव्हती. मी सलाइन बदललं, तार बदलली... दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

कागद घेऊन दवाखान्यात गेलो. का गेलो, माहीत नाही. नाना पडून होते.

"तीन दिस झालं, सकाळी त्या काढलेल्या पायाला गार लागतंय," ते हळूच म्हणाले. "आधी कदी लागलं न्हवतं. जखम भरत आली का रं?"

काकू माझ्याकडे बघत होती. मी कागद खिशातच ठेवला.

"व्हय नाना," म्हणालो.

काढलेला पाय जाणवतो, हे डॉक्टरांनी समजावलं, ते मला पटतं. सर म्हणाले, कुठूनतरी करंट येत असेल. असेलही. पण तो अकरालाच का यायचा, आणि नानांसारखा पाय कसा झटकायचा, हे मला आजही सांगता येत नाही. चौथ्या दिवसापासून रेघ सरळच राहिली.

थांबायला मी सांगितलं होतं, हे नाना शेवटपर्यंत एकदाही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.