उतारासाठी अर्ज

मागच्या आठवड्यात फोटो पाहून तुम्ही दोघांनी विचारलंत, की आजी, तुमच्या घरापुढे हा लांबच लांब रस्ता कसला, आणि तो मध्येच वळतो का? फोनवर मी "आजोबांसाठी" एवढंच म्हटलं, कारण गॅसवर दूध होतं. आता निवांत बसून लिहिते.

बदलापूरला यायच्या आधी आम्ही अंबरनाथला दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. इमारतीला लिफ्ट नव्हती. आजोबा कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले आणि वर्षभरातच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. उजवा पाय हळूहळू सावरला, पण तो उचलला जात नसे, फक्त ओढला जाई. घरात काठी धरून ते सपाट फरशीवर चालत. पायरी मात्र एकही चढता येत नव्हती. बोलणं थोडं जड झालं, जीभ पूर्वीइतकीच तिखट राहिली.

पुढचे आठ महिने ते फक्त डॉक्टरकडे जायला खाली उतरले, तेही लाकडी खुर्चीत बसून, शेजाऱ्यांच्या हातांवर. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली की ते डोळे मिटून घेत. एकदा खाली पोचल्यावर शेजाऱ्यांना म्हणाले, "कपाट नीट आणलंत हो. आरसा फुटला नाही." सगळे हसले. पण त्या दिवशी जेवताना ते मला म्हणाले, "आपल्या प्लॉटवर बैठं घर बांधूया. दार उघडलं की जमीन लागली पाहिजे. मला फाटकापर्यंत माझा मी जायचंय. कोणाचा हात नको."

प्लॉट म्हणजे हाच, बदलापुरातल्या मांजर्लीतला. नोकरीत असताना घेऊन ठेवला होता. बिनशेतीचा हुकूम आणि मोजणीचा नकाशा मी टॅग लावून फायलीत ठेवले होते, तेव्हा कागदांची मला काळजी नव्हती. घराचा पहिला नकाशा आजोबांनी स्वतः डाव्या हाताने काढला. रेघा थरथरत होत्या, मापं बिनचूक होती. मागे स्वयंपाकघर आणि आमची खोली, पुढे हॉल, हॉलला लागून आणखी एक खोली आणि तिच्यापुढे ओटा. त्या खोलीत त्यांनी "मुलं" असं लिहिलं. मुलं म्हणजे तुम्ही. तेव्हा तुम्ही पाच आणि दोन वर्षांचे होतात, आणि दर सुट्टीत येऊ असं तुमच्या आईने कबूल केलं होतं. आर्किटेक्टने शाईचा नकाशा केला तेव्हा तिथे "बेडरूम" आलं. आजोबांना ते मुळीच आवडलं नाही.

नकाशा नगरपरिषदेत दाखल केल्यावर तिथले इंजिनिअर जागा पाहायला आले. आम्हीही गेलो. आजोबा रिक्षातच बसून राहिले. आदल्या पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं होतं. शेजारच्या घरातले म्हातारे शेतकरी बाहेर आले आणि त्यांनी आपल्या भिंतीवरच्या मातकट रेषेवर तळहात ठेवला.

"इथवर पानी आलता, बाय. आमची भांडी निस्ती व्हड्यांसारखी फिरत व्हती."

इंजिनिअरांनी टेप लावली. "जोतं या रेषेच्या वर घ्यावं लागेल," ते म्हणाले. "त्याशिवाय प्लॅन पास होणार नाही."

जोतं म्हणजे घराखालचा बांधीव चौथरा, ज्यावर फरशी येते. आमचं जोतं रस्त्यापासून साडेतीन फूट वर जाणार होतं. आजोबांनी रिक्षातून विचारलं, "म्हणजे पायऱ्या किती?"

"सात धरा."

"सात," आजोबा म्हणाले. परत जाताना ते वाटभर डाव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आत त्यांनी कागद मागितला. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, साडेतीन फुटांना बेचाळीस. घराच्या बाजूने कुंपणाला लागून बेचाळीस फुटांचा रॅम्प केला तर पाय ओढत का होईना, चढता-उतरता येईल. मी इंजिनिअरांना फोन केला. ते म्हणाले, ती जागा सामासिक अंतरात येते, तिथे बांधकाम करता येत नाही. विशेष बाब म्हणून अर्ज करून बघा.

समास मला फक्त वहीचा ठाऊक होता. मग लक्षात आलं की हाही तोच. वहीच्या कडेला जशी कोरी पट्टी सोडतात, तशी घर आणि कुंपण यांच्यामध्ये जमीन कोरी सोडायची.

माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि आयुष्यभर मी कंपनीची पत्रं इंग्रजीतच टाइप केली. त्यामुळे अर्जही इंग्रजीत केला, चारही बाजूंनी सारखा समास सोडून. नगरपरिषदेच्या आवक खिडकीवर एक बाई बसायच्या. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "छान आहे हो, आजी. पण मराठीत आणा."

घरी येऊन मी मराठीत लिहायला बसले. रॅम्प हा शब्द इंग्रजी. मराठी अर्जात इंग्रजी शब्द घालणं मला अव्यवस्थितपणाचं वाटलं. विचार करकरून मी लिहिलं: "विषय: घरास उतारासाठी परवानगी मिळणेबाबत." माझ्या मते हे निर्दोष मराठी होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी विषयाच्या ओळीवरून नजर फिरवली. मागे मोठी रांग होती.

"उताऱ्यासाठी ना?"

"हो, उतारासाठी," मी म्हटलं.

त्यांनी शिक्का मारला आणि अर्ज डावीकडच्या गठ्ठ्यात ठेवला. त्या गठ्ठ्यात सगळे उतारेच होते, म्हणजे घराची कराच्या वहीत कोणाच्या नावाने नोंद आहे ते दाखवणारे कागद. अर्धं शहर तेच मागायला येतं. हे मला तीन आठवड्यांनी, कर विभागाचं पत्र आल्यावर कळलं. "आपण नमूद केलेल्या जागेवर घर असल्याची नोंद आढळून येत नाही, सबब उतारा देता येत नाही."

आजोबांनी ते पत्र तीनदा वाचून घेतलं. "झालं! घर नसल्याचं सरकारी सर्टिफिकेट मिळालं. रॅम्पला रॅम्प म्हणायला तुमच्या जिवावर आलं होतं का, मेमसाहेब?"

ते खूप दिवसांनी इतके हसले, आणि मी रडायला लागले. पावसाच्या आधी जोतं झालं नाही तर घर पुढच्या वर्षावर जाणार होतं. तीन आठवडे माझ्या एका शब्दापायी गेले होते, आणि आजोबा अजून दुसऱ्या मजल्यावरच होते. त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली. "अगं, मी कुठे पळून जातोय?"

खिडकीवरच्या बाईंना मी पत्र दाखवलं. त्यांनी आधी ते वाचलं, मग माझा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग ओठ दाबून धरले.

"आजी, आपल्या मराठीत रॅम्पला रॅम्पच म्हणतात."

"आता कळलं," मी म्हटलं.

त्या उठल्या, शेजारणीला खिडकी सांभाळायला सांगितली आणि मला स्वतः इंजिनिअरांच्या टेबलापर्यंत घेऊन गेल्या. "साहेब, यांचा उतारा नाही, उतार आहे. मिस्टर आजारी आहेत. आज बघा."

इंजिनिअरांनी अर्ज सावकाश वाचला. मग मान हलवली. "समासात नाही देता येणार, आजी. तुम्हाला रॅम्प दिला की पलीकडचा शेजारी जिना मागेल, त्याच्या पलीकडचा मोरी. आणि पाणी चढलं की ते याच मोकळ्या पट्टीतून वाहतं. ती तुम्ही अडवली तर ते शेजाऱ्याच्या घरात जाईल." मला भिंतीवर तळहात ठेवून उभे असलेले ते म्हातारे दिसले.

"पण जोत्याच्या हद्दीत करा की," ते म्हणाले. "तिथे तुमचं राज्य. एकदा वळवला तर बसेल." त्यांची पेन्सिल नकाशावर फिरत फिरत पुढच्या खोलीवर आणि ओट्यावर थांबली. "ही खोली कोणाची?"

"नातवंडांची."

त्यांनी पेन्सिल उचलली. "मग राहू द्या. दुसरीकडे बघू."

आम्ही दोघांनी पाहिलं. दुसरीकडे जागाच नव्हती. मी म्हटलं, "काढा ती खोली."

आजोबांना सांगितलं तर ते इतके चिडले की शब्द अडकायला लागले. "पोरांची खोली मोडून मी माझा रस्ता करू? त्यापेक्षा मी इथेच बरा." दोन दिवस ते माझ्याशी फक्त मीठ मागण्यापुरते बोलले. तिसऱ्या दिवशी मी तुमच्या आईला फोन लावून रिसीव्हर त्यांच्या कानाला धरला. ती काय म्हणाली मला ऐकू आलं नाही. ते बराच वेळ "हं" म्हणत राहिले, मग म्हणाले, "गाद्या हॉलमध्ये? आणि मी कुठे झोपायचं, त्यांच्यामध्ये?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. फोन ठेवल्यावर त्यांनी कोरा कागद मागितला.

नवा नकाशा महिन्याभरात पास झाला. जोतं पावसाच्या आधी झालं. रॅम्पचं काँक्रीट पडलं त्या दिवशी आजोबा खाली खुर्ची टाकून बसले आणि गवंड्याकडून पाण्याची नळी धरून उताराची पातळी चार वेळा तपासून घेतली. गवंडी वैतागून म्हणाला, "बाबा, विमान उतरवायचंय का?" आजोबा म्हणाले, "त्याहून जड काम आहे." कठड्याचे पाइप उल्हासनगरहून आणले, दोन्ही बाजूंना लावले.

राहायला आल्यावर दुसऱ्या सकाळी ते दारात उभे राहिले. मी मागे गेले तर म्हणाले, "तू आत जा." मी आत गेले आणि गवार निवडायला बसले. काठीचा ठोका आणि मागोमाग पाय ओढल्याचा आवाज, असं ऐकू येत होतं. वळणावर आवाज थांबला. मी अर्धी उठले, पुन्हा बसले. निवडलेल्या शेंगा आणि देठं मी एकाच ताटात टाकत होते, हे मला नंतर कळलं. बऱ्याच वेळाने पुन्हा ठोका, पुन्हा पाय. मग फाटकाची कडी वाजली.

बाहेरून शेजारच्या म्हाताऱ्यांचा आवाज आला, "आयला, दादा, एकलेच आलाव?"

आजोबांचं उत्तर मला नीट ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने मात्र त्यांनी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज दिला, "अगं ए, दोन कप चहा टाक! आणि घाई करू नकोस, आम्ही बोलतोय."