धाकटीच्या मागचं गवत

थोरलीला धाकट्या जावेचं सगळंच खुपायचं, पण सगळ्यात जास्त खुपायचं ते तिचं कापड.

दोघी जावा गोचिडीच्या तापावर संशोधन करणाऱ्या केंद्रात कामाला होत्या. रानातल्या गवतावरून पांढरं कापड ओढत न्यायचं आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने उचलून कुपीत टाकायच्या. ताप कोणत्या रानात दडलाय, ते डॉक्टरीणबाई त्या कुप्यांवरून शोधत. डोंगरापलीकडच्या नव्या तुकडीची मुकादम या दोघींतूनच निवडायची होती.

धाकटीचं कापड तीळ सांडल्यासारखं भरून यायचं, थोरलीचं मात्र कोरंच. धाकटी काहीतरी लबाडी करते, याची थोरलीला खात्री होती. ती लबाडी पकडायला ती रोज तिच्या मागोमाग, तिच्याच वाटेने कापड ओढत चालायची.

शेवटी धाकटी थांबली. "जाऊबाई, झाडलेल्या अंगणात पुन्हा झाडू मारताय तुम्ही. वाटेतलं सगळं माझ्या कापडाला लागतं, तुम्हाला काय उरणार?"

थोरलीचा चेहरा उतरला. "हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?"

"मला वाटलं, तुम्हाला माझ्यावाचून करमत नाही."

दुसऱ्या दिवसापासून थोरली उलट्या दिशेला जाऊ लागली. तिचं कापड असं गच्च भरू लागलं, की डॉक्टरीणबाईंनी तिलाच मुकादम केलं.

सामान बांधता बांधता थोरलीचा हात थबकला.

"म्हणजे इथलं सगळं रान आता एकट्या धाकटीला?"