शेफर्डमधला फ

'मम्मी इज नो मोर.' सकाळी साडेसातला मोबाइलवर हा इंग्रजी निरोप आला, तेव्हा मी शिरूरला घरी पेपर तपासत बसले होते. पहिल्या वर्षाच्या कंपल्सरी इंग्लिशचे पेपर, निम्मा गठ्ठा अजून बाकी आणि हातात लाल पेन. निरोप सुवर्णाच्या नंबरवरून आला होता. पाठवला होता तिच्या लेकीनं, आर्यानं. आर्या नववीत आहे, दौंडला इंग्रजी शाळेत जाते. मी ते चार शब्द वाचले आणि खरं सांगते, सगळ्यात आधी मनात आलं की वाक्यात चूक नाही... अर्थ मागून कळला. पंधरा वर्षं दुसऱ्यांचं इंग्रजी तपासून तपासून माणसाचं हे असं होतं. माझी सगळ्यात जुनी मैत्रीण गेली होती आणि मी तिच्या लेकीचं वाक्य तपासत होते. स्वतःची एवढी लाज मला त्याआधी एकदाच वाटली होती, तीही सुवर्णामुळंच. ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. महिना होऊन गेला, आता सांगते.

सुवर्णा कवठे येमाईची. तिचे आजोबा, ज्यांना सगळी वस्ती आबा म्हणायची, ते हयातभर मेंढरांमागं फिरलेले. वडिलांनी शेती धरली, तरी दारात वीसपंचवीस मेंढरं असायचीच. मी तळेगाव ढमढेऱ्याची; आमचा ऊस, चुलते सोसायटीत, त्यामुळं घरात जरा तोरा. शिरूरच्या कॉलेजात बी.ए.ला आम्ही एका बाकावर आलो ते निव्वळ योगायोगानं, दोघींच्या एसट्या उशिरा आल्या आणि तेवढाच बाक रिकामा होता. दोघींचं बारावीपर्यंत सगळं मराठीतून, आणि दोघींनी घेतलं होतं स्पेशल इंग्लिश. मी का घेतलं, तर दहावीला शिकवणी होती आणि चुलते म्हणाले होते म्हणून. तिला विचारलं तर ती म्हणाली, "मेंढरांच्या औषधापायी." मला वाटलं थट्टा करतेय. पण खरंच तसं होतं. औषधाच्या बाटलीवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं, आबा ती बाटली हिच्या हातात द्यायचे, कारण शाळेत जाणारी घरात ही एकटी. एकदा अंगाला चोळायचं औषध हिनं पाजायचं म्हणून सांगितलं आणि एक गाभण मेंढी गेली. "आबा मला एक शब्द बोललं न्हाईत," ती म्हणाली. "बोललं असतं तर बरं झालं असतं गं, वैशे."

कॉलेज सुटलं की आम्ही शिरूरच्या एसटी स्टँडवर बसून वाचायचो. तिच्या गाडीचा काही भरवसा नसायचा, त्यामुळं चांगला तासभर मिळायचा. इंग्रजीतली ती लांबच लांब वाक्यं... पहिला शब्द कळायचा, शेवटचा कळायचा, मधे काय झालं ते देवाला ठाऊक. गाईड होतं, सगळी पोरं गाईड पाठ करायची, मीही करायची. सुवर्णाला ते जमायचं नाही. पुस्तकात काय लिहिलंय ते स्वतः कळल्याशिवाय ती पान उलटायची नाही. तिची एक पद्धत होती. पेन्सिल घ्यायची आणि वाक्यातले जे शब्द एकमेकांना धरून चालतात त्यांच्याभोवती एक गोल रेघ ओढायची. त्याला ती वाघर म्हणायची. मेंढरं कोंडायची जाळी असते ना, ते वाघर. "ही चार एका वाघरात, ही तीन दुसऱ्यात. आन् हे एकटं भायेर राह्यलं, म्हंजी हेच क्रियापद असनार," असं करत करत ती पूर्ण वाक्य ताब्यात आणायची. मला हसू यायचं. पण परीक्षेत न पाहिलेला उतारा आला की मी गाईडातलं काहीबाही आठवत बसायची आणि ही निवांत रेघा ओढत बसायची.

तिची अडचण एकच, उच्चार. शब्द कळायचा, पण तोंडातून कसा काढायचा ते कोण सांगणार? तेव्हा आमच्याकडं फोन नव्हते. घरी विचारावं तर कुणाला? म्हणून ती मला विचारायची. मी दहावीला शिकवणी लावलेली, माझ्याकडं नियम होते. ती पुस्तक पुढं सरकवायची आणि मी माझ्या निळ्या पेननं शब्दावर मराठीत उच्चार लिहून द्यायची. असे शेकडो लिहिले असतील. काही बरोबर होते.

पहिल्याच वर्षी एका धड्यात एक म्हातारा मेंढपाळ होता. सर धडा वाचायला कुणालाही उभं करायचे, आणि त्या दिवशी दुसऱ्या परिच्छेदावर सुवर्णाचा नंबर येणार हे आम्हाला बाकांच्या हिशेबावरून आधीच कळलं होतं. तिनं बोट ठेवून हळूच विचारलं, "हे कसं म्हनायचं?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "शेफर्ड. पी आणि एच शेजारी आले की फ. फोन, फोटो, तसं." आणि लिहूनही दिलं, शेफर्ड. माझं बघा किती ठाम! वर्गातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं, हेही खरं. पण तिनं मला विचारलं होतं.

ती उभी राहिली, मोठ्यानं वाचलं. आवाज छान होता तिचा, मोकळा, रानात हाका मारून झालेला. शेफर्डपाशी आली आणि सरांनी थांबवलं. "शेपर्ड गं, शेपर्ड! हा फ कुठून आणलास? शीप आणि हर्ड, मेंढरं आणि कळप. तुमच्या तर दारात असतात आणि तुलाच येईना होय?" सर वाईट नव्हते. त्यांना वाटलं, विनोद झाला. पण वर्ग जो हसला... मागच्या बाकावरून कुणीतरी मेंढरासारखं ओरडलं. आणि मी? मी काय करायला हवं होतं ते एवढं साधं होतं. उभं राहून म्हणायचं होतं, सर, मी सांगितलं तिला. चार शब्द. मी उभी राहिले नाही. उलट हसले. तिच्या शेजारी बसून, सगळ्यांच्या आधी हसले, कुणाला वाटू नये की चूक माझ्याकडची आहे म्हणून.

संध्याकाळी स्टँडवर तिनं डबा उघडला आणि रोजच्यासारखी अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली. मला वाटलं, आता बोलेल. ती एवढंच म्हणाली, "फ न्हाई व्हय त्यात. बरं झालं, कळलं." मी खाली मान घालून भाकरी खाल्ली. त्यानंतर तीन वर्षांत सुवर्णानं वर्गात एकदाही मोठ्यानं वाचलं नाही. नंबर आला की म्हणायची, घसा बसलाय सर. तोंडी परीक्षेला कागदाकडं बघत गप्प उभी राहायची आणि तिथले मार्क सोडून यायची. लेखी पेपरात ती माझ्या कितीतरी पुढं होती. सगळे म्हणायचे, हुशार आहे पण बुजरी आहे. बुजरी कसली? मला माहीत होतं ती बुजरी कशानं झाली. रोज वाटायचं आज बोलू, आणि रोज एसटी यायची.

पुढं तिचं लग्न होऊन ती दौंडला गेली. दाजी, म्हणजे तिचे मिस्टर, रेल्वेत. मी एम.ए. केलं, पात्रता परीक्षेचे फॉर्म भरून भरून थकले आणि आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले, ती अजून तिथंच आहे. दर जूनला नवी नेमणूक, दर जूनला तोच मुलाखतीतला इंग्रजी प्रश्न आणि तीच धास्ती. हो, शिकवणारीलाही धास्ती वाटते, कुणी सांगत नाही इतकंच. आता पोरं फोनवर भाषांतर करून आणतात, गाईडसुद्धा कुणी घेत नाही. वर्गात वाच म्हटलं की साठ माना खाली. मी ओरडत नाही. त्या खाली गेलेल्या मानांमध्ये मला कायम एकच मान दिसते, आणि मग मीच पूर्ण धडा वाचून टाकते. घसा दुखतो नुसता.

सुवर्णानं मात्र घरातल्या पुढच्या खोलीत क्लास काढला. कंपल्सरी इंग्लिशमध्ये अडकलेल्या पोरींसाठी. मला फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलंही, "तू शिकवणार? मोठ्यानं?" ती हसली, म्हणाली, "तुझ्यावानी न्हाई, पर जमंल तसं." क्लास चांगला चालला. नंतर तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, उरलेल्या दिवशी क्लास, असं दोन वर्षं रेटलं तिनं.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. मी न्हावऱ्यावरून एसटीनं दौंडला गेले. सुवर्णा त्याच पुढच्या खोलीत गादीवर पडली होती, हात सुजलेला, चेहरा काळवंडलेला. उशाशी बी.ए.च्या पहिल्या वर्षाचं आमचं ते पुस्तक. अभ्यासक्रम किती वेळा बदलला, तरी हिनं ते जपून ठेवलेलं. म्हणाली, "वाच की गं मोठ्यानं. डोळं दुखत्यात माझं." मी पान उघडलं आणि नेमका तोच धडा निघाला. तिची पेन्सिलीची वाघरं आणि वर माझा निळा पेन. खोलीत आम्ही दोघीच होतो. याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती, हे तिथं बसल्या बसल्या कळत होतं. आणि मी काय केलं असेल? धडा सोडला आणि पुढचा वाचायला घेतला. दोन ओळी झाल्यावर तिनं डोळे मिटूनच विचारलं, "एक धडा सुटला का गं?" मी म्हणाले, "नाही." "बरं," ती म्हणाली. मी वाचत राहिले, ती झोपली... मी निघाले तेव्हा तिला उठवलं नाही.

गेल्या रविवारी दाजींचा फोन आला. पोरींची परीक्षा तोंडावर आहे, एकदा येऊन जाता का? शिरूर ते दौंड पूर्ण रस्ता मला वाटत होतं, जाऊ नये. खोली तशीच होती. गादी उचललेली, तिथं सतरंजी, त्यावर आठ पोरी. आर्या दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती, तिच्याकडं मला धड बघवेना. मी बसले आणि काय बोलावं ते न कळून म्हणाले, "चला, वाचन घेऊ. कोण वाचतंय?" माझ्या वर्गात झाल्या असत्या तशा माना खाली होतील असं मला वाटलं. तर आठही हात वर.

पुढची एक ठेंगणी पोरगी म्हणाली, "पर मॅडम, आधी शेफर्ड म्हनायचं ना?" तेवढ्यात सगळ्या एका सुरात ओरडल्या, "शेऽऽफर्ड!" आणि खदखदून हसल्या. मग पुन्हा एकदा, नीट, "शेपर्ड."

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बाईंचा नियम हाय. वाचायच्या आधी एकदा समद्यांनी मिळून चुकायचं. म्हंजी मग एकटीला कुनी हसत न्हाई." त्या पोरीनं उशाशी असायचं ते पुस्तक कपाटातून काढून माझ्यापुढं उघडलं. "ह्ये बघा. बाईंच्या मैत्रिणीनं लिहून दिल्यालं. लई हुशार होती म्हनं ती. पी-एचचा फ तिनंच शिकवला बाईंना. बाई म्हनायच्या, तिच्यामुळं मला इंग्रजी आलं."

बाकी सगळ्या पानांवरचे माझे चुकीचे उच्चार सुवर्णानं नीट खोडून बरोबर केले होते. हा एक तसाच होता, निळ्या शाईत.

"नाव काय त्या मैत्रिणीचं?" मी पानावरची नजर न काढता विचारलं.

"ते न्हाई सांगितलं कवा. आम्ही लई मागं लागायचो. म्हनायच्या, नाव घेऊ न्हाई, तिला वाईट वाटंल."

वीस वर्षं तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. वर्गात सरांपुढं नाही, स्टँडवर नाही, इथं या आठ पोरींपुढंही नाही. मी तिच्यापासून तोंड लपवत होते आणि ती मला लपवत होती.

"वैशाली," मी म्हणाले. "तिचं नाव वैशाली. आणि त्या दिवशी वर्गात सगळ्यांच्या आधी हसली होती ती."

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. दारातली आर्या आत आली आणि सतरंजीच्या कडेला बसली. ठेंगणीनं जरा रागानंच विचारलं, "मग त्या भेटाया तरी आल्या का न्हाईत बाईंना?"

"आली होती," मी म्हणाले. "पण हा धडा सोडून गेली."

मग मी पुस्तक मांडीवर घेतलं आणि तोच धडा पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले.