घोडा तयार, पण स्वार कुठे?

माझ्या मैत्रिणीने आयत्या वेळी टांग दिली आणि सासूबाई म्हणाल्या, "मी येते." झालं! पितळेच्या मूर्ती ओततात ते बघायला गडचिरोलीच्या जंगलात जायचं, हे माझं किती दिवसांचं खूळ. आता शेजारच्या सीटवर कोण, तर गणिताच्या निवृत्त शिक्षिका, घट्ट अंबाडा, मांडीवर पर्स. देवा, वाचव, असं म्हणून मी नागपूरहून गाडी काढली.

सकाळी लवकर निघालात तर चंद्रपूरला जेवायच्या वेळेला पोचता. तिथे वडाभात खाच! गरम भात, त्यावर कुस्करलेला वडा, वरून फोडणीचं तेल. आहाहा! पुढे गोंडपिपरी, वैनगंगेचा पूल, आष्टी, मग आलापल्ली. रस्ता कुठे मस्त, कुठे हाडं खिळखिळी करणारा. पेट्रोल आलापल्लीतच भरा, पुढे भरवसा नाही, रेंजही नाही. दोन्ही बाजूंनी साग सुरू झाला आणि मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने गायलाच लागले.

"समोर बघ," सासूबाई म्हणाल्या.

ओळखीतून आमची सोय झाली होती बुधाबाईंकडे. पिढ्यानपिढ्या पितळ ओतणारं घर. ओसरीवर त्यांचा मुलगा मनिराम बसला होता आणि त्याच्यापुढे एक घोडा. मातीच्या गाभ्यावर मेणाचा दोरा शेवयांसारखा गुंडाळून केलेला, असला ऐटबाज घोडा की मी टाळ्याच पिटल्या! फक्त पाठ रिकामी.

"वर कोणी बसत नाही का?" मी विचारलं.

"बसते ना ताई, देवी बसते. पण ते दिसूनच नाई राह्यली. जत्रा आली तोंडावर," मनिराम म्हणाला.

मग बुधाबाईंनी सगळं सांगितलं. या घरात देवीची मूर्ती मनाने घडवत नाहीत. ज्या छपराखाली ती घडते, तिथे झोपलेल्या कोणाला तरी ती आधी स्वप्नात दिसावी लागते. आजवर बुधाबाईंनाच दिसायची. यंदा काहीच नाही.

"रोज डोये मिटून पडतो, बाई. अंधारच अंधार," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. "गावाची देवी रिकाम्या घोड्यावर पाठवू काय? मी कोणाले तोंड दाखवू?" मला फार वाईट वाटलं. मग त्या एकदम म्हणाल्या, "तुमी बी इथीच झोपता ना? मंग सकाळी सांगा."

अहो, केवढी जबाबदारी! तांदळाची भाकर आणि वांग्याची भाजी चापून मी जी झोपले, ती थेट कोंबड्याच्या आरवण्यापर्यंत. स्वप्नात दिसला वडाभात. मनिराम हसून लोळायचा बाकी राहिला.

"अन तुमाले, बाई?" बुधाबाईंनी सासूबाईंकडे वळून विचारलं.

सासूबाई लालेलाल. "दिसली. चार हात, डोक्यावर मुकुट, हातात कमळ."

बुधाबाईंनी मान हलवली. "हे त कॅलिंडरातली हाये. सपनातली सांगा ना."

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग पुटपुटल्या, "घोड्यावर मीच होते. केस मोकळे. लगाम नाही, काही नाही. हात कमरेवर ठेवून खदाखदा हसत होते. वेड्यासारखं स्वप्न, सोडा."

"काऊन सोडू?" बुधाबाई ताडकन उठल्या. "आलीच की माय! मन्या, मेण तापव!"

दोन दिवसांचा मुक्काम वाढला. वाढवला कोणी? सासूबाईंनी! मेणाची देवी चढली, तिच्यावर मातीचा लेप बसला, चुलीशी साचा वाळला. मेण वितळून निघालं त्या पोकळीत पितळ ओतलं. साचा एकच आणि तो फोडायचाच. बिघडलं तर सगळं पहिल्यापासून, आणि जत्रा दुसऱ्या दिवशी. मनिरामने हातोडी उचलली तेव्हा सासूबाईंनी माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले.

माती गळाली. आधी घोड्याचे कान दिसले, मग मोकळे केस, मग ते हसू. बुधाबाई रडत-हसत सासूबाईंच्या गळ्यात पडल्या. मी तर नाचलेच!

मी मोबाइल काढला, तशा बुधाबाई म्हणाल्या, "नाई, ताई. देवीचा फोटो नाई काढत." सासूबाईंनी विकत मागून पाहिलं, तर मनिराम हसला, "देवी कोणी इकते काय?" जत्रेत ढोलाच्या मागे ती घोड्यावर निघाली, आम्ही गर्दीत टाचा उंचावून पाहिली आणि रिकाम्या हातांनी नागपूरला परतलो.

तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा, आणि आणायचं काय याची फार चिंता करू नका. घरी सगळे भोवती जमले. सासरे म्हणाले, "एवढे दिवस राहिलात आणि एक फोटो नाही? दिसत होती तरी कशी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी पर्स खाली ठेवली. अंबाड्याच्या पिना एकेक करून काढल्या. सोफ्याच्या हातावर टांग टाकून बसल्या, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि खदाखदा हसायला लागल्या.

"अशी," त्या म्हणाल्या.