अर्धा श्वास

"आग लई आहे गं, पण श्वास कुठाय?" माझं नवं गाणं हातात पडलं की मावशी आधी हे विचारायच्या. मग बोटांनी मांडीवर ताल धरत ते गुणगुणायच्या आणि दम लागला की थांबून माझ्याकडे बघायच्या. तिथला एक शब्द मी काढून टाकायचे. बहुतेक वेळा तो 'क्रांती' असायचा.

विठ्ठलवाडीच्या आमच्या गायन पार्टीत त्या मुख्य गायिका. मी गाणी लिहायचे आणि मागे कोरस धरायचे. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं आली, म्हणून त्यांनी माझं नावच 'पत्रक' ठेवलं होतं. "काय पत्रक, आज कुणाचा निषेध?"

आतून उसळून येतं तेच खरं, असं मी मानायचे. बसवलेलं, घासलेलं ते सगळं खोटं.

एकाच ओळीवर दर वेळी गहिवरणारा गायक तुम्हीही पाहिला असेल. मावशींचं पाण्याच्या रांगेतल्या आईवर एक गाणं होतं. 'माय माझी उभी उन्हात' म्हणताना 'उन्हात'वर त्यांचा आवाज चिरायचा आणि समोरच्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. शहाडला चिरला, कल्याणला चिरला, ठाण्यातही तिथंच. एकदा माझ्या लक्षात आलं, आवाज चिरायच्या आधीच ढोलकीवाले काका हात हलका करतात.

परतताना रिक्षात मी विचारलं, "मावशी, हे ठरवून करता?"

"हो."

"मग हे ढोंग झालं."

"ए पत्रक, तोंड आवर," काका म्हणाले.

"बोलू दे तिला." मावशी बाहेर बघत म्हणाल्या. "आई गेली त्याच दिवशी टिटवाळ्याला कार्यक्रम होता. तिला पोचवून तशीच आलेले. तेव्हा खरा चिरला गं. पुढच्या वेळी लोक त्याच ओळीची वाट बघत बसलेले, आणि मला काही येईना. मग घरी बसून शोधलं. ओळीआधी अर्धाच श्वास घ्यायचा. 'उन्हात'पर्यंत तो संपतो, आवाज आपोआप चिरतो." मग हळूच म्हणाल्या, "दर वेळी आईला परत तिरडीवर ठेवल्यासारखं वाटतं बघ."

"मग सोडून द्या ना," मी म्हटलं. इतक्या सहज.

पुढचा कार्यक्रम डोंबिवलीला होता. मावशींनी पूर्ण श्वास घेतला. ओळ सरळ, स्वच्छ गेली. काकांचा हलका केलेला हात तसाच अधांतरी राहिला. टाळ्या पडल्या. मी इतकी खूश, की कोरस धरायलाच विसरले.

कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी मावशींजवळ आली. "आज रडूच दिलं नाहीस, बाय," ती म्हणाली. "एका खोलीत मुलगा, सून, नातवंडं. घरात रडायला जागा असते का? तुझ्या गाण्यात उरकून घ्यायची मी."

मावशी मला काहीतरी बोलतील असं वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हातारीचा हात हातात घेतला, चपला घालता घालता थांबल्या, अर्धा श्वास घेतला आणि ती ओळ तिच्यापुरती म्हटली.

त्यानंतर दर कार्यक्रमात आवाज पुन्हा तिथंच चिरू लागला. मी पुन्हा कधी ढोंग म्हटलं नाही. माफीही मागितली नाही.

यंदा मावशी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात त्यांचा फोटो ठेवला होता. काका म्हणाले, "पत्रक, ते गाणं तू म्हण." मी उभी राहिले. छातीत काहीच उसळेना. सगळे फोटोकडे बघत होते. काकांनी हात हलका केला.

आवाज चिरला. अख्खा विहार रडला. मीही रडले.

खाली बसले तेव्हा मावशींच्या सुनेनं मला जवळ घेतलं. "किती आतून आलं गं," ती म्हणाली. "फार जीव होता ना तुझा?"

मी मान डोलावली. श्वास अर्धाच घेतला होता, हे तिला कसं सांगणार?