बाईंची सही

बाईंच्या स्वयंपाकघरात कागद-पेन न्यायला बंदी होती. गणिताची सिद्धता सांगायची ती तोंडी, आणि तीही कांदा चिरता चिरता. "हातांना काम असलं की माणूस थापा मारत नाही," असं त्यांचं म्हणणं. मी न्यू जर्सीत पीएच.डी. करायला आले आहे की कुणाच्या घरी स्वयंपाकाला राहिले आहे, असा प्रश्न मला पाच वर्षं दर शनिवारी पडत असे.

बाई म्हणजे माझ्या गाईड. मूळच्या हंगेरीच्या, तरुणपणी अमेरिकेत आल्या त्या इथल्याच झाल्या. वेस्ट विंडसरला एकट्या राहायच्या. त्यांच्याकडे आडनाव आधी आणि नाव मागून, म्हणून मला त्या कायम 'सबनीस वृंदा' अशी हाक मारत. सगळी अमेरिका माझ्या नावाची वाट लावत असताना ही एकच बाई नागपूरच्या शाळेतल्या हजेरीसारखं नाव घ्यायची, आणि मी नकळत ताठ उभी राहायची. गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. खरं सांगायचं तर आज त्यांची आठवण आली की आधी रागच येतो. रडू त्याच्या मागून येतं.

मी शाकाहारी आहे हे त्यांना पहिल्याच शनिवारी सांगितलं होतं. त्यांनी ढोबळी मिरची आणि टोमॅटोची लेचो नावाची भाजी केली. आपल्या घरची वाटावी इतकी ओळखीची. दोन घास झाल्यावर मी कौतुकाने विचारलं, फोडणी कशाची? तर म्हणाल्या, "डुकराच्या चरबीची. पण मांस एक तुकडाही नाही. चरबी म्हणजे मांस नव्हे. हवं तर तुझ्या शाकाहाराची व्याख्या सांग, तपासून पाहू." मी व्याख्या सांगायला गेले, तर अंडं, दूध, मध असं करत त्यांनी मला अर्ध्या तासात कोपऱ्यात गाठलं. उपाशीपोटी घरी आले आणि वरण-भात लावला. पुढच्या शनिवारपासून मात्र ओट्यावर तेलाची बाटली दिसू लागली.

उन्हाळ्यात त्या आंबट चेरीचं गार सूप करत, साय आणि दालचिनी घालून. ते जेवणाच्या सुरुवातीला प्यायचं असतं हे मला काय माहीत! गोड दिसलं म्हणून मी वाटी बाजूला ठेवली आणि शेवटी पावासोबत खाल्लं, आपण शिकरण-पोळी खातो तसं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सबनीस वृंदा, हे चूक आहे." आणि त्यांनी स्वतःचा पाव वाटीत बुडवला.

आमचं खरं भांडण पेटलं ते पान एकेचाळीसवरून. माझा प्रबंध ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांवर होता. ठिपक्यांची रांगोळीच म्हणा ना. ऑक्टोबरमध्ये सगळा लिहून बाईंच्या हाती दिला. आशुतोष, माझा नवरा, टेक्सासात फ्रिस्कोला. चार वर्षं आमचा संसार फोनवर चाललेला. तिथेच मला नोकरी मिळत होती, कंपनी मेपर्यंत थांबायला तयार होती, फक्त डिग्री हातात हवी. म्हणजे बाईंची सही हवी. आणि बाईंनी प्रबंध परत दिला तो एकेचाळिसाव्या पानावर सिद्धतेऐवजी मी लिहिलेल्या 'उघडच आहे' या दोन शब्दांखाली पेन्सिलची रेघ ओढून. "कशावरून?" एवढंच विचारलं.

उघडच होतं हो! मी नोव्हेंबरभर सांगितलं, डिसेंबरभर सांगितलं. आशुतोष फोनवर वैतागायचा, "यार, एका लाइनसाठी कोण एवढं थांबवतं? दुसरा गाईड घे, चेंज करून टाक." मीही त्या विचाराला आले होते.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी बाईंकडे नोकेडली करत होते. किसणीसारख्या भोकांतून सैल पीठ उकळत्या पाण्यात पाडायचं, साधारण आपण शेव पाडतो तसं. पाडता पाडता तीच गोष्ट पन्नासाव्यांदा सांगत होते: पाच ठिपके घ्या, बरोबर, सहा घ्या, बरोबर, सात घ्या... आणि माझा हात थांबला. सात ठिपक्यांना ते खोटं होतं. पान एकेचाळीसपासून पुढचं सगळं कोसळत होतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"ऑक्टोबरपासून," बाई म्हणाल्या. "पीठ घट्ट होतंय, हात चालव."

"मग सांगितलं का नाही? माझे चार महिने गेले!"

"मी सांगितलं असतं तर तू ते एक पान सुधारलं असतंस. बाकीची पानं कोण तपासणार होतं?"

मी ढसाढसा रडले. त्यांनी शांतपणे माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि उरलेलं पीठ स्वतः पाडलं.

दुरुस्तीला तीन महिने लागले. मे महिन्यात, प्रबंध जमा करायच्या मुदतीला दोन दिवस उरले असताना, नवा प्रबंध घेऊन बाईंकडे गेले. पुन्हा कुठे रेघ ओढतात ही भीती होतीच. त्यांनी थेट सहीचं पान उघडलं, सही केली आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"अहो, वाचला नाहीत!" मी ओरडलेच.

"तू वाचलायस ना?" म्हणत त्या कॉफी ठेवायला उठल्या.

असा संताप झाला! दोन शब्दांसाठी सात महिने छळलं आणि आता नव्वद पानं न बघता सही! बाहेर येऊन गाडीत बसले तोच आशुतोषचा फोन. "झालं? सबमिट केलंस?"

"नाही. आधी एकदा पूर्ण वाचून काढते."

"अगं, पण साइन केलंय ना त्यांनी!"

"म्हणूनच," मी म्हटलं, फोन ठेवला आणि बाईंच्या दारातच, गाडीत बसून, पहिलं पान उघडलं.